व्हिटबीची ओली भिंत

"घर स्वतःचं हाय, का भाड्याचं?"

हा प्रश्न मी विचारला तेव्हा आमच्या हॉलमध्ये नऊ माणसं पोहे खात होती आणि नऊही चमचे बशीत थांबले. डिसेंबर २००३ मधला रविवार. माझ्या मोठ्या बहिणीला, विद्याश्रीअक्काला बघायला डॉक्टर अमरेश आले होते. इंग्लंडातल्या हॉस्पिटलात नोकरी, तीन आठवड्यांची रजा, आणि त्या रजेत बघितलेली ही पाचवी मुलगी.

मी तेव्हा आठवीत होते. पाहुणे आले की मी स्वयंपाकघराच्या दाराआड. वर्गात सरांनी "शांभवी" म्हणून हाक मारली तर माझ्या घशातून "हजर"सुद्धा अर्धंच बाहेर पडायचं. म्हणूनच तर आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत प्रीती आणि रुद्राणीनं पैज लावली.

प्रीती म्हणाली, "आमच्या ताईला बघायला आलते तवा त्यांच्या चुलत्यानं पहिला प्रश्न काय टाकला म्हाईत हाय? घर स्वतःचं का भाड्याचं! बाबा नुसते फरशीकडं बघत बसले. दर वेळी त्यांनीच का विचारायचं? तू उद्या उलटं विचार."

"ही?" रुद्राणी हसून गडाबडा लोळायची बाकी होती. "ही पाण्याचा ट्रे घेऊन दारातच गार पडती बघ."

"आणि विचारलं तर?" प्रीतीनं तिला विचारलं.

"तर रंकाळ्यावर दोन प्लेट भेळ. माझ्याकडनं."

"न्हाय विचारलं तर वर्षभर माझं दप्तर उचलायचं," प्रीती म्हणाली.

प्रीतीचं दप्तर म्हणजे सिमेंटचं पोतं. मी विचारलं.

अमरेश रागावले नाहीत. चमचा खाली ठेवून सरळ माझ्याकडे बघत म्हणाले, "भाड्याचं. खरं म्हणजे घर पण नाही, हॉस्पिटलनं दिलेली एक खोली आहे. आम्हा शिकाऊ डॉक्टरांची दर एक-दोन वर्षांनी ऑगस्टात बदली होते. घर घेऊन काय करू? पाठीवर टाकून हिंडू?"

सगळे हसले. मान खाली घालून बसलेली अक्कासुद्धा खुदकन हसली, आणि मला तेव्हाच कळलं की तिला हा माणूस आवडलाय. अप्पा तेवढे हसले नाहीत.

अप्पांचं लक्ष्मीपुरीत रंगाचं दुकान आहे. लग्नानंतर अठरा वर्षं ते आणि अव्वा, म्हणजे आमची आई, दोन खोल्यांत भाड्यानं राहिले. घरमालकाची आई सकाळी आठ वाजले की नळाला कुलूप घालायची. अव्वा अजूनही सकाळी आठच्या आत सगळं पाणी भरून ठेवते, पुढे इथं बावड्यात स्वतःचं घर झालं, दोन टाक्या झाल्या तरी. या घराला शेवटचा हात अप्पांनी गडी न लावता स्वतः ब्रश घेऊन मारला होता. हे सगळं मला माहीत होतं. पण पाण्याचा ट्रे हातात असताना माझ्या डोळ्यांपुढे फक्त भेळ होती.

पाहुणे गेल्यावर अप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. आजवर असा कधी ठेवला नव्हता.

"एवढी मोठी मोठी माणसं बसलीती. कुणाच्या डोक्यात न्हाय आलं ते ह्या चिमुरडीनं विचारलं! वीरेश, कळीव त्यांना. पोरगा सोन्यासारखा हाय, आमची ना न्हाय. पण पोरगी भाड्याच्या खोलीत द्यायची न्हाय मी. आधी घर, मग मुहूर्त."

वीरेशमामा, म्हणजे अव्वाचा भाऊ, यानंच हे स्थळ आणलं होतं. तो म्हणाला, "दाजी, तिकडं तसं नसतंय. लोकं जल्मभर भाड्यानं ऱ्हात्यात."

"ऱ्हाऊ देत की. त्यांच्या नळाला कुणी कुलूप घातलं नसंल."

अक्का आत येऊन म्हणाली, "अप्पा, मला घर नको. मला तशीच—" पण ते वाक्य पुरं झालं नाही. आमच्या घरी मुलीनं स्वतःहून "मला हा पसंत आहे" असं म्हणायची पद्धत नव्हती. ती माझ्याकडे बघून आत गेली. त्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

तेव्हा मला हे सुचलंसुद्धा नाही. मी रंकाळ्यावर दोन प्लेट भेळ खाल्ली. वर तिखट मागून घेतलं.

आणि मग माझी गाडी जी सुटली! अप्पा दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचे, "आमची धाकटी. आठवीत हाय. काय विचारलं ठाऊक हाय?" गुंडू मिस्त्री, कागलचे ठेकेदार, सगळ्यांना पाठ झालं. शाळेत रुद्राणीनं तिखटमीठ लावून पसरवलं. वक्तृत्वाच्या सरांनी मला बोलावून घेतलं. आमच्या भागातल्या मुलींसारखं माझं "मी जातो, मी येतो" काढून "मी जाते, मी येते" बसवलं, निदान व्यासपीठापुरतं, आणि नववीत मी जिल्ह्यात दुसरी आले. वर्गाची मॉनिटर झाले. घसा असा मोकळा झाला की अव्वा म्हणायची, "आता हिला गप करायला पैज लावा कुणीतरी." आणि हे सगळं त्या एका प्रश्नावर उभं होतं.

तिकडे दाजी, म्हणजे अमरेश, अप्पांची अट मान्य करून घर शोधायला लागले. तेव्हा त्यांची नोकरी स्कारबरोच्या हॉस्पिटलात होती. मुहूर्त मे महिन्यातला, म्हणजे वेळ चारच महिने. लवकर मिळेल आणि परवडेल असं एकच घर निघालं, तिथून तासाभरावरच्या व्हिटबी नावाच्या गावात. समुद्राच्या काठावरचं जुनं गाव, कोळ्यांचं. टेकडीवर पडक्या मठाच्या कमानी, खाली लाल कौलांची उतरंड, मध्ये नदी आणि तिच्यावर बोटींसाठी बाजूला सरकणारा पूल. त्या घराला नंबरच नव्हता, नाव होतं. गल कॉटेज. म्हणजे समुद्रपक्ष्याचं घर. घराची म्हातारी मालकीण वारली होती आणि तिच्या भाच्यांना विकायची घाई होती.

दाजींनी फोटो ईमेल केले. मी सायबर कॅफेत जाऊन रंगीत प्रिंट काढून आणली. अप्पांनी रंगांचं शेड कार्ड बघायचं भिंग काढलं.

"भिंत बघ! दीड फुटाची हाय. दगडी! किती वर्षांचं म्हणालं जावई?"

"अडीचशे."

"अडीचशे!" अप्पांनी अव्वाला हाक मारली. "अगं, पेशवाईतलं हाय!"

घराची तपासणी करणाऱ्या माणसाचा अहवाल फॅक्सनं दुकानात आला. इंग्रजी वाचणारी मी. त्यात दोन ठिकाणी लिहिलं होतं की मागच्या भिंतीला ओल आहे, आणि एका ठिकाणी लिहिलं होतं की घर सरकारच्या यादीत आहे, परवानगीशिवाय त्याची खिडकीसुद्धा बदलता येणार नाही. मी यादीचं आधी वाचलं, चांगलं ठसक्यात. अप्पांची छाती फुगली. "सरकारच्या यादीत नाव हाय म्हणजे काय सादं घर हाय व्हय?" ओलीचं मी नंतर आणि भरभर वाचलं. अप्पा रंगवाले. ते म्हणाले, "ओल काय, रंगाचे दोन हात मारले की जाती."

एकाच गोष्टीनं ते अस्वस्थ झाले. तिकडे इसार देऊन व्यवहार पक्का होत नाही. वकील एकमेकांना पत्रं लिहीत बसतात आणि कागदांची अदलाबदल होईपर्यंत घेणारा, देणारा कुणीही मागं फिरू शकतो. "मग शब्दाला किंमत काय ऱ्हायली?" अप्पा म्हणाले. पण कुणी फिरलं नाही. एप्रिलमध्ये किल्ल्या मिळाल्या, मे महिन्यात लग्न झालं, जुलैत अक्का गेली. गल कॉटेजचा फोटो मोठा करून हॉलमध्ये लागला, आणि एक दुकानात, गल्ल्याच्या वर.

पहिल्या वर्षी अक्काच्या फोनची आम्ही वाट बघायचो. दर रविवारी दुपारी दोनला, म्हणजे तिच्या सकाळी साडेआठला फोन यायचा. आधी अप्पा, मग अव्वा, शेवटी मी. अप्पांना ती सांगायची, "खिडकीतून समुद्र दिसतो अप्पा." मला सांगायची की बाथरूमच्या खिडकीतून दिसतो, आणि तोही कमोडवर उभं राहिलं तर. फ्रिज गल्लीतून वर येईना म्हणून दाजींनी आणि दोन कोळ्यांनी तो पाळण्यासारखा दोरांवर उचलून पायऱ्यांवरून चढवला. दाराची चौकट इतकी खाली की दाजींच्या कपाळाला कायमचं टेंगूळ. शेजारच्या मार्गारेट आजींनी नवीन सुनेला भेट म्हणून धुरी दिलेले मासे आणून दिले. अक्का लिंगायताची, तिनं आयुष्यात अंड्याला हात लावलेला नाही! नाही म्हणवेना म्हणून दोन्ही हातांनी ताट घेतलं आणि मागच्या पायरीवर ठेवलं. दोन मिनिटांत समुद्रपक्ष्यांनी ताटासकट नेलं म्हणे. ताट आजींचं होतं. आम्ही दोघी फोनवर इतकं हसलो की अव्वा ओरडली, "बिल तिला येतंय गं!"

मग जानेवारी आला. अक्का एकदा हळू आवाजात म्हणाली, "शांभे, पलंगामागची भिंत रडते बघ. सकाळी हात लावला की हात ओला. कपडे वाळत नाहीत, उशीला वास येतो. अप्पांना सांगू नको, त्यांना वाईट वाटेल. पण त्यांच्याकडून औषध काढून दे. दुसऱ्या कुणाचं घर म्हणून विचार."

मला काय, मी आता विचारण्यात हुशार! संध्याकाळी दुकानात गेले आणि म्हणाले, "अप्पा, प्रीतीच्या घरात भिंतीला ओल आलीय."

"विटेची भिंत ना? सिमेंटचा गिलावा?"

"हो."

"मग काय अवघड हाय? खरवडायची, वाळू द्यायची, वॉटरप्रूफ प्रायमर, वर ऑइलपेंटचे दोन हात. ओलीची टाप न्हाय आत यायची."

मी ते जसंच्या तसं अक्काला सांगितलं. वर रंगही मीच निवडला, आंब्याचा पिवळा. म्हटलं अंधारी खोली उजळेल. दाजींनी दोन शनिवार-रविवार खपून भिंत रंगवली. फेब्रुवारीत ती फुगली, पुरीसारखी. मार्चमध्ये गिलाव्यासकट खाली आली, रात्रपाळी करून झोपलेल्या दाजींच्या अंगावर. जुन्या घरांची कामं करणारा एक माणूस बोलावला. तो म्हणाला, या दगडाच्या आणि चुन्याच्या भिंती, यांची ओल यांच्याच अंगातून बाहेर जाते. तुम्ही तिला प्लॅस्टिक पांघरलंत. आता ती आतल्या आत कुजतेय.

अक्कानं हे हसत सांगितलं. मी नाही हसले. दुसऱ्या दिवशी दुकानात गुंडू मिस्त्री चहा पीत बसले होते, त्यांना सहज विचारल्यासारखं विचारलं, "चुन्याच्या दगडी भिंतीला ऑइलपेंट मारला तर?"

"कोन शाना मारतोय?" मिस्त्री म्हणाले. "जोतिबाच्या वाटंवरच्या जुन्या घरांस्नी मी अजून चुनाच लावतो. इचार की तुझ्या बाला."

अप्पा आतून म्हणाले, "व्हय. चुन्याला चुनाच पायजे."

म्हणजे त्यांना माहीत होतं. अप्पांचं औषध चुकलं नव्हतं, मीच रोगी खोटा सांगितला होता. त्या रात्री हॉलमध्ये जेवताना मी फोटोकडे पाठ करून बसले. तेव्हापासून तशीच बसते. अव्वानं एकदा विचारलं, "तुझी जागा का बदललीस?" मी म्हटलं, "पंख्याचं वारं लागतंय."

ऑगस्टात दाजींची बदली लीड्सला झाली, दोन तासांहून लांब. ते पहिल्याच दिवशी बोलले होते, पाठीवर टाकून हिंडू का म्हणून. घराचा हप्ता आणि लीड्सचं भाडं दोन्ही झेपेना, म्हणून आठवड्यातले पाच दिवस ते तिकडे एका खोलीत, आणि अक्का गल कॉटेजमध्ये एकटी. त्यांच्या गल्लीत नऊ घरं. सात घरं लंडनच्या आणि कुठल्या कुठल्या लोकांनी सुट्टीसाठी घेतलेली. उन्हाळ्यात गजबज, आणि ऑक्टोबर संपला की सात दारांना कुलपं. साडेतीनला अंधार पडतो. दोन दिवे, एक मार्गारेट आजींचा आणि एक आमच्या अक्काचा. समुद्रावरून धुकं वर आलं की आजींचाही दिसत नाही. अक्का केमिस्ट्रीत एम.एस्सी., विद्यापीठात पहिली. ती आता दिवसभर भिंतीजवळ हीटर सरकवत बसायची. अप्पांना मात्र दर रविवारी तेच वाक्य, "खिडकीतून समुद्र दिसतो अप्पा."

हे सगळं घरात मला एकटीला माहीत होतं. दोन वर्षं मी जिल्हाभर बोलत हिंडले आणि हे एक मला घरात बोलता आलं नाही.

आणि मग हा रविवार. डिसेंबर २००५, मी दहावीत. अप्पा-अव्वा कागलला लग्नाला गेले होते. दोनला फोन वाजला.

"अप्पा आहेत?"

"न्हाईत. मीच हाय. सांग."

अक्का म्हणाली, "बरं झालं. कुणाला तरी सांगायचं होतं. मला लीड्सच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी मिळालीय. नऊ जानेवारीपासून."

मी किंचाळलेच. "अक्काऽ! पेढे!"

"ऐक गं. घराला गिऱ्हाईक पण आलंय. लीड्सचे नवरा-बायको, रिटायर झालेले. आयुष्यभर त्यांना या गावात राहायचं होतं म्हणे. भिंत बघितली, म्हणाले चुन्यानं करून घेऊ. पण त्यांना उद्या दुपारपर्यंत उत्तर पाहिजे, नाहीतर पलीकडच्या गल्लीतलं घर घेतायत. हे म्हणतात, विकून टाकू, लीड्सला भाड्यानं राहू, एकत्र तरी राहू."

"मग वीक की!"

"आणि अप्पा?" अक्काचा आवाज बारीक झाला. "मे महिन्यात येणार आहेत दोघं. व्हिसाचे कागद तयार झाले. मागच्या रविवारी म्हणाले, दाराशी उभं राहून फोटो काढायचा. त्यांना मी काय दाखवू, भाड्याच्या दोन खोल्या? नको. मी उद्या त्या गिऱ्हाइकांना नाही म्हणून कळवते, आणि नोकरीलाही. यांची पुढची बदली होईपर्यंत एक वर्ष काय, निघून जाईल." मग म्हणाली, "अप्पांना तुझा तो प्रश्न किती आवडला होता, आठवतंय?"

तिनं बोचावं म्हणून म्हटलं नव्हतं, हे मला पक्कं माहीत आहे. तरी फोन ठेवल्यावर मी चार तास तशीच बसले. साखर कारखान्याचा हंगाम सुरू होता, मळीचा गोड वास घरभर पसरला होता. माझं गणिताचं पुस्तक उघडं होतं आणि मी फोटोकडे तोंड करून बसले होते. नऊ महिन्यांत पहिल्यांदा.

सहाला रिक्षा वाजली. अप्पा आत आले ते खोक्यात गुंडाळलेलं काहीतरी जड छातीशी धरून.

"शांभवी, हिकडं ये! इंग्रजी तपासून दे. चुकलं तर आत्ताच दुरुस्त करून घेऊ." त्यांनी कागद सोडला. आतून काळ्या गुळगुळीत दगडाची पाटी निघाली. वर मराठीत, खाली इंग्रजीत: विद्याश्री अमरेश, गल कॉटेज. "मे महिन्यात घिऊन जायची. माझ्या हातानं बसवणार दारावर."

स्पेलिंग बरोबर होतं.

"कसं हाय?"

"अप्पा, ती पाटी तिथं बसवता येत न्हाय."

"का? वजनाला जास्त हुईल म्हणतीस? मी विचारलंय इमानवाल्यांना—"

"त्या घराला बाहेरनं खिळा मारायचा तरी परवानगी लागती. यादीत नाव हाय म्हणजे तेच. ते मानाचं न्हाय, बांधून घातल्याचं हाय. मला तवाच कळलंतं. मी तुम्हाला मानाचं म्हणून वाचून दाखवलं."

अव्वा पदरानं घाम पुसत होती, ती थांबली. मी थांबले नाही. थांबले असते तर परत कधी सुरू झाले नसते. ओलीचं सांगितलं, पिवळ्या रंगाचं सांगितलं, प्रीतीच्या घराला कधीच ओल नव्हती हे सांगितलं. सात कुलपं सांगितली, हीटर सांगितला, लीड्स सांगितलं. अव्वा खुर्चीवर बसली आणि एवढंच म्हणाली, "एकटी? पाच-पाच दिवस?"

अप्पांनी पाटी टीपॉयवर ठेवली. "मला का न्हाय सांगितलं तिनं?"

"तुम्ही 'आधी घर, मग मुहूर्त' म्हणालता म्हणून. तुमचा शब्द मोडंल म्हणून."

"मग मी चुकीचं बोललो काय?" अप्पांचा आवाज चढला. "अठरा वर्षं काढलीत आम्ही! तुझ्या अव्वाला विचार कुलूप काय असतंय! अगं, तूच विचारलंस ना? आठवीतल्या पोरीला कळलं ते—"

"मला कायबी कळलं नव्हतं!"

इतकं मोठ्यानं मी व्यासपीठावरही कधी बोलले नव्हते.

"पैज होती अप्पा. प्रीती आणि रुद्राणीनं लावलेली. विचारलं तर दोन प्लेट भेळ. मला ना घराची पडलीती, ना अक्काची. मी भेळीसाठी विचारलं."

बाहेरून उसाचा ट्रॅक्टर धडधडत गेला.

"भेळीसाठी," अप्पा म्हणाले.

"व्हय."

"मी अख्ख्या लक्ष्मीपुरीला सांगितलंय."

"ठाऊक हाय. मी पण तुम्हाला सांगू दिलं. त्याच्यावरच तर मी मोठी झालो. आता सगळ्यांना खरं सांगा. माझी ना न्हाय."

ते खुर्चीत मागे टेकले. त्यांचं वय मला पहिल्यांदा दिसलं. पाटीवरच्या अक्षरांवरून बोट फिरवत म्हणाले, "स्वतःचं घर इकून भाड्याच्या खोलीत जायचं. लोक हसतील की गं."

"त्या खोलीत जावई असतील," अव्वा एकदम म्हणाली. ती अप्पांकडे सरळ बघत होती. "आपल्या दोन खोल्यांत तुम्ही होता. नळाला कुलूप होतं, दाराला न्हवतं."

अप्पा हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. फोटोकडे बघत राहिले.

मी आत गेले. वक्तृत्वाच्या बक्षिसाचं पाकीट कपाटात तसंच ठेवलेलं होतं, ते घेतलं. आमच्या फोनवरून परदेशी लागत नाही, पण कोपऱ्यावरचा बूथ नऊपर्यंत उघडा असतो. तिकडे आत्ता दुपार असणार. मी चपला घातल्या आणि दारात उभी राहिले.

"अप्पा, अव्वा, मी ठरवलंय. मी बूथवर जातो आणि अक्काला सांगतो, घर वीक, उद्याच कळीव आणि नोकरी घे. 'अप्पा हो म्हणाले' असं मी सांगणार न्हाय, आता ह्या घराबद्दल एक पण खोटं माझ्या तोंडून जायचं न्हाय. 'अप्पा अजून काय बोलले न्हाईत, तरी वीक' असंच सांगणार. आणि त्यातलं 'अप्पा बोलले न्हाईत' हे पहिलं अर्धं बदलायचं असंल, तर चला माझ्यासंगं, तुम्हीच बोला तिच्याशी."